ओट्यावरचा ग्रॅनाईट : काय मुरते आणि काय पुसता येते

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड हे गाव तांब्यासाठी ओळखले जाते. गोंदियाला लागून असलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत विदर्भाबरोबर एकाच प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. मलाजखंडची हिंदुस्थान कॉपर कंपनीची खाण १९८२ पासून चालू आहे. देशातील तांब्याच्या सर्वांत मोठ्या खुल्या खाणींत तिची गणना होते. तेथील तांबे ज्या खडकात सापडते, तो खडक ग्रॅनाईट आहे. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी या ग्रॅनाईटला तडे गेले, त्या तड्यांतून खनिजे विरघळलेले अतिशय उष्ण द्रव वर सरकले आणि निवताना गारगोटीच्या शिरांबरोबर तांब्याची संयुगे मागे ठेवून गेले. हे द्रव मोठ्या तड्यांतच थांबले नाहीत. कणाकणांमधील बारीक फटींतही ते शिरले आणि भोवतालच्या खडकाचा रंग त्यांनी बदलला. म्हणूनच खनिजाजवळचा ग्रॅनाईट कित्येक ठिकाणी राखाडी न राहता गुलाबी झालेला दिसतो.

खनिजाच्या व्यवहाराशी पिढ्यान्‌पिढ्या परिचय असलेल्या गोमंतकीय वाचकाला ही प्रक्रिया नवलाची वाटणार नाही. नवल आहे ते असे, की हाच खडक घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आला की तो काचेसारखा बंदिस्त आहे, त्यात काहीच शिरत नाही, असे आपण गृहीत धरतो. बालाघाटच्या डोंगरात जे झाले ते ओट्यावरही होते, फक्त फार लहान प्रमाणावर आणि उष्णतेशिवाय. तेथे तांबे मुरले, येथे बांगड्याचे तेल, हळद, कोकमाचे आगळ आणि नळाखाली साचलेले पाणी मुरते. ओट्याच्या निगेचे बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

दगड किती शोषतो याला माप आहे. बांधकामासाठीच्या ग्रॅनाईटने स्वतःच्या वजनाच्या ०.४० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेचे मानक सांगते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दोन सेंटिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर लादीचे वजन सुमारे ५३ किलो भरते, आणि त्याचे ०.४० टक्के म्हणजे दोनशे ग्रॅमहून थोडे अधिक. मानकात बसणारी लादीसुद्धा एका चौरस मीटरमागे पेलाभर पाणी पोटात घेऊ शकते. पाणी वाळून जाते. तेल जात नाही.

नाव ग्रॅनाईट, दगड वेगवेगळे

निगा सुरू करण्याआधी ओट्यावर नेमका कोणता दगड आहे ते कळायला हवे, कारण बाजारातील ‘ग्रॅनाईट’ हा शब्द फार सैल आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाईट म्हणजे गारगोटी, फेल्डस्पार आणि थोडे अभ्रक यांच्या एकमेकांत अडकलेल्या कणांचा, जमिनीखाली सावकाश निवलेला खडक. काणकोणचा ग्रॅनाईट गोव्याच्या भूशास्त्रीय नकाशावर नोंदलेला आहे आणि पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराचा खडक त्याच गोत्रातला आहे. दुकानात मात्र पॉलिश घेणारा आणि सहज ओरखडा न पडणारा जवळजवळ प्रत्येक दगड ग्रॅनाईट या नावाने विकला जातो.

गोव्यात ओट्यासाठी सर्वाधिक मागणी असते ती काळ्या दगडाला. कर्नाटकातील चामराजनगरचा काळाभोर दगड किंवा आंध्र प्रदेशातील चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हे दोन्ही खऱ्या अर्थाने ग्रॅनाईट नाहीत. ते डोलेराईट आणि गॅब्रो या कुळातील, लोह व मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असलेले खडक आहेत. कण अतिशय घट्ट बसलेले असल्यामुळे ते पाणी फार कमी शोषतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्यांच्यातील फेल्डस्पार तीव्र आम्लापुढे टिकत नाही, ही त्यांची उणीव. याउलट कर्नाटकातीलच बागलकोट जिल्ह्यातील इलकलचा तांबडा दगड किंवा तेलंगणातील करीमनगरचा ‘टॅन ब्राऊन’ हे ग्रॅनाईटच्या जवळचे. फिकट, पांढरट दगडांत कणांमधील फटी बहुधा जास्त असतात, आणि डाग दिसायलाही तेच पुढे.

यात एक चौथा दगड मिसळतो आणि घोटाळा बहुतेक त्याच्यामुळेच होतो. तो म्हणजे कडप्पा. आंध्रातील कडप्पा भागातून येणारा हा काळसर दगड चुनखडीचा आहे. गोवा आणि महाराष्ट्रातील जुन्या घरांत ओटाच कडप्प्याचा असे. आता वरची लादी ग्रॅनाईटची आणि खालच्या उभ्या-आडव्या फळ्या कडप्प्याच्या, अशी पद्धत रूढ आहे. कडप्प्यावर लिंबाचा थेंब पडला तरी तेथे कायमचा मंद ठिपका उठतो. म्हणून ओटा जुना असेल आणि दगडाबद्दल शंका असेल, तर पुढे न दिसणाऱ्या कोपऱ्यात किंवा लादीच्या खालच्या बाजूस व्हिनेगरचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकट पडली, तर दगड चुनखडीचा आहे आणि त्याला कोणतेच आंबट पदार्थ लावता येणार नाहीत.

नवीन लादी घेणाऱ्याने आणखी एक परीक्षा दुकानातच करावी. राखाडी दगडाला काळा रंग चढवून तो अस्सल काळा म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन घेऊन लादीवर जोराने घासावे. कापूस काळा झाला तर तो रंग दगडाचा नाही. अशी लादी घरात बसली की वर्ष-दोन वर्षांत शेगडीभोवती आणि सिंकजवळ करडी पडू लागते, आणि दोष मात्र घरातल्या धुण्यापुसण्याला दिला जातो.

रोजचे पुसणे

रोजच्या सफाईला लागणाऱ्या गोष्टी घरात असतातच. कोमट पाणी, त्यात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर साध्या पाण्याने पुन्हा पुसणे आणि शेवटी कोरड्या फडक्याने ओटा सुकवणे, ही दोन पावले बहुतेक घरांत गाळली जातात. त्यामुळे साबणाचा पातळ थर दगडावर साचत जातो. काळा ओटा ‘निस्तेज झाला’ अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा पॉलिश गेलेलेच नसते. वर साबणाचा आणि तेलाचा पापुद्रा चढलेला असतो. गरम पाण्याने दोन-तीनदा पुसून कोरडा केला की तोच ओटा पुन्हा चमकतो.

तारेचा घासा वापरू नये. पोलादापेक्षा गारगोटी कठीण असल्यामुळे चांगल्या ग्रॅनाईटवर त्याचा ओरखडा सहसा पडत नाही, पण तारेचे सूक्ष्म तुकडे सिंकच्या कडेला अडकतात, ओलाव्याने गंजतात आणि तांबूस ठिपके सोडतात. राख किंवा वाळूमिश्रित पूड यांच्याबाबत धोका उलट आहे. त्यांतील कण गारगोटीचेच असतात आणि गारगोटी फेल्डस्पारला घासू शकते. पाट्याला आणि जात्याला टाकी लावून घेणाऱ्या पिढीला खरखरीत दगडाचे मोल माहीत होते, कारण त्या दगडाचे काम वाटण्याचे होते. ओट्याच्या दगडाचे काम वेगळे. तो जितका गुळगुळीत, तितकी त्यावर घाण धरायला जागा कमी.

गोव्याच्या स्वयंपाकघरात ओट्याची कसोटी घेणारे पदार्थ तसे ठरलेले आहेत. आगळ, चिंच, माडाच्या सुरेचे व्हिनेगर आणि लिंबू हे आंबट. खोबरेल आणि तेलकट मासळीचे तेल. हळद आणि मिरचीचा रंग. आंबट पदार्थ सांडला की लगेच पुसावा, एवढे पुरेसे आहे. अस्सल ग्रॅनाईटला पाच मिनिटांत काही होत नाही. रात्रभर राहिलेल्या आगळाच्या थेंबाने मात्र काळ्या लादीवर वर्तुळ उमटू शकते. चवथीच्या आधी समया, तांब्या, तबके चिंच-मिठाने घासली जातात तेव्हा तेच आंबट पाणी सिंकच्या कडेने ओट्यावर पसरते आणि त्यात विरघळलेले तांबेही असते. भांडी उजळली की ओट्यावरूनही भरपूर पाणी ओतून तो कोरडा करावा.

मासळी साफ केल्यावर केवळ पाण्याने पुसणे पुरत नाही. आधी साबणाने तेल व खवले काढावेत. त्यानंतर जंतुनाशनाची गरज वाटल्यास सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग पुसावे. दगडाला ते चालते. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे शेगडी बंद आणि खिडकी उघडी असल्याखेरीज ते वापरू नये. शक्यतो मासळी पाटावर किंवा आदोळीवरच कापावी. ग्रॅनाईटवर थेट सुरी चालवल्यास दगडाला काही होत नाही, सुरीची धार जाते.

दगड चमकावा म्हणून काही घरांत त्याला खोबरेल किंवा रॉकेल लावतात. दोन दिवस चमक दिसते खरी. नंतर त्या तेलावर धूळ आणि फोडणीची वाफ बसून चिकट थर होतो, आणि फिकट दगडात ते तेल मुरून सबंध लादी ठिकठिकाणी काळवंडते. ही सवय सोडलेली बरी.

बाथरूमचे ॲसिड ओट्यावर नको

वर्षानुवर्षांचा पिवळेपणा एका दिवसात काढण्यासाठी बाथरूमचे ॲसिड ओट्यावर ओतणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. गारगोटीवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून सुरुवातीला सारे ठीक दिसते. पण ग्रॅनाईटमधील काळे अभ्रक, लोहयुक्त कण आणि काळ्या दगडांतील फेल्डस्पार त्याला बळी पडतात. पॉलिश मंद होते, अभ्रकातील लोह सुटून पिवळे-तपकिरी डाग उमटतात आणि सांध्यांतील सिमेंट पोखरले जाते. डाग काढायला गेलेल्या माणसाच्या हाती मोठा डाग येतो. गंज काढण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते गारगोटीसुद्धा विरघळवते आणि त्वचेतून शरीरात शिरून जीवघेणे ठरू शकते. असे द्रावण घरात आणूच नये.

दगडापेक्षा माणसाला असलेला धोका मोठा आहे. ॲसिड टाकूनही डाग गेला नाही म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच ओतले जाते. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या छोट्या स्वयंपाकघरात थोडासा क्लोरीनही श्वासनलिका आणि फुप्फुसे भाजून काढू शकतो. व्हिनेगर आणि ब्लीच यांच्या मिश्रणातूनही तोच वायू निघतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर ब्लीचमध्ये मिसळला तर क्लोरामाइन हे दुसरे विषारी वायू निघतात. डोळे चुरचुरू लागले, खोकला सुरू झाला की पुसत बसू नये. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि श्वासाला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करावा. दोन सफाई द्रावणे एकत्र करू नयेत, ही गोष्ट घरकामाला येणाऱ्या बाईंनाही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण बाटल्या बहुधा त्यांच्याच हातात असतात आणि त्यांवरचा मजकूर इंग्रजीत असतो.

मुरलेला डाग बाहेर कसा काढावा

डाग दिसताच उपायाला लागण्यापूर्वी तो डाग आहे की ओल, हे ठरवावे. सिंकभोवतीचा गडद पट्टा पुष्कळदा नुसत्या पाण्याचा असतो. ती जागा दोन-तीन दिवस कोरडी ठेवली, पंखा लावला, की तो आपोआप फिकट होतो. न झाल्यास तेल किंवा रंग आत गेला आहे असे समजावे.

आत गेलेले तेल वरून घासून निघत नाही. त्याला ओढून बाहेर आणावे लागते, आणि ते काम लेप करतो. खाण्याच्या सोड्यात थोडे थोडे पाणी घालून थापता येईल इतके घट्ट मिश्रण करावे. ते डागापेक्षा बोटभर मोठ्या जागेवर अर्धा सेंटिमीटर जाडीने थापावे, वर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि चोवीस तास हात लावू नये. झाकलेल्या अवस्थेत लेपातील ओलावा दगडात उतरतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना पाणी वर ओढले जाते आणि त्याबरोबर तेलही लेपात येते. घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण द्यायचे, तर दिव्याची वात ज्या तत्त्वावर तेल वर खेचते त्याच तत्त्वावर हा लेप काम करतो. वाळलेला लेप लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून जागा धुवावी. लेप वाळण्यापूर्वी काढला तर सगळी मेहनत फुकट जाते, आणि घाईमुळे नेमके तेच होते. जुन्या डागाला दोन, तीन, कधी चार वेळाही लेप लावावा लागतो.

तेल हट्टी असल्यास पाण्याऐवजी ॲसिटोनमध्ये सोडा किंवा खडूची भुकटी कालवतात. ॲसिटोन फार लवकर पेट घेते. गॅसचा रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून आणि देवाजवळची निरांजनेही शांत असल्याची खात्री करूनच हे काम करावे. शेगडी ओट्यावरच असते, याचा विसर पडू नये.

हळदीचा डाग निराळ्या स्वभावाचा. त्याला साबण किंवा सोडा लागताच तो लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जी जुनी रीत, तिच्यामागे हेच रसायन आहे. डाग पसरला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. भरपूर पाण्याने पुसल्यावर तांबडेपणा उतरतो. उरलेला पिवळा रंग प्रकाशात टिकत नाही, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर काही दिवसांत तो स्वतःच विरतो. ऊन पोहोचत नसेल तर फिकट दगडावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खडूची भुकटी कालवून वरीलप्रमाणेच लेप द्यावा. चहा, कॉफी, आगळ यांच्या रंगालाही तोच उपाय चालतो. आगळाचा लाल रंग साबण लागल्यावर निळसर-जांभळा दिसू लागतो. तोही हळदीसारखाच आम्ल-अल्कलीचा खेळ आहे. काळ्या दगडावर पेरॉक्साइड आधी कोपऱ्यात लावून पाहावे, कारण रंग चढवलेली लादी असेल तर ती फिकट होते.

गंजाचा डाग सर्वांत चिवट. लोखंडी तवा, कोयता, आदोळीचे पाते ओल्या ओट्यावर राहिले की तो पडतो, आणि जांभ्या दगडाच्या भागातील लोहयुक्त विहिरीच्या पाण्यानेही तो हळूहळू साचतो. काही फिकट दगडांत लोहाचे कण मुळातच असतात व पावसाळी ओलाव्यात ते आतूनच पिवळे पडतात. ब्लीचने गंज जात नाही, उलट लोह आणखी गंजते. दगडासाठी तयार केलेला, आम्ल नसलेला गंजाचा लेप मिळतो. तो वापरावा किंवा जाणकाराला बोलवावे.

नळाच्या बुंध्याशी साचणारा पांढरा थर हा दगडात मुरलेला डाग नसून कठीण पाण्यातला चुना असतो. तो लिंबाने झटकन निघतो, पण लिंबू दगडालाही लागते. सोड्याचा ओला लेप अर्धा तास ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने हलके खरवडणे सुरक्षित.

सीलर सर्वांना लागत नाही

ग्रॅनाईटला दरवर्षी सीलर लावलाच पाहिजे, असे विक्रेते सांगतात. ते सरसकट खरे नाही. ओटा पूर्ण कोरडा असताना त्यावर चार-पाच ठिकाणी पाण्याचे मोठे थेंब ठेवावेत आणि पंधरा मिनिटांनी पुसून पाहावे. थेंबाखालची जागा गडद झाली असेल तर दगड पाणी पितो आहे व सीलर उपयोगी पडेल. रंगात फरक नसेल तर खर्च वाया जाईल. घट्ट काळ्या दगडात सीलर शिरतच नाही. तो पृष्ठभागावर वाळून धुरकट पट्टे पाडतो.

सीलरचे काम छिद्रांच्या भिंतींवर पाण्याला आणि तेलाला दूर ठेवणारा थर देणे एवढेच. तो दगड बंद करत नाही, मुरायला लागणारा वेळ वाढवतो. लावण्याआधी ओटा किमान एक दिवस कोरडा असावा, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढण्यात अर्थ नाही. डिसेंबर ते मार्च हा काळ योग्य. डाग असतील तर ते आधी काढावेत, नाहीतर तेही आत कोंडले जातात. डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर वर राहिलेला सीलर सुकण्याआधीच पूर्ण पुसून घ्यावा आणि ओटा एक दिवस ओला करू नये.

तडे, नारळ आणि उष्णता

लादी फुटते ती बहुधा सिंकच्या किंवा शेगडीच्या कापाजवळ. तेथे पुढे-मागे जेमतेम चार बोटे रुंदीची पट्टी उरलेली असते. वरच्या फडताळावरचा डबा काढण्यासाठी ओट्यावर चढून नेमके त्याच पट्टीवर पाय देण्याची पद्धत घराघरांत आहे. दगड दाब उत्तम सोसतो, वाकणे त्याला जमत नाही. चढायचेच झाल्यास खाली कडप्प्याची उभी फळी असलेल्या जागी पाय द्यावा; खरे म्हणजे स्टूल घ्यावे. ओट्याच्या कडेवर नारळ फोडणे हेही असेच. दहा नारळ बिनबोभाट फुटतात आणि अकराव्याला कडेचा टवका उडतो. टवका जपून ठेवल्यास कारागीर तो इपॉक्सीने बेमालूम बसवू शकतो.

गरम कुकर ओट्यावर ठेवल्याने अस्सल ग्रॅनाईट सहसा तडकत नाही. पण पुष्कळ लाद्यांतील बारीक भेगा कारखान्यातच रेझिनने भरलेल्या असतात आणि वारंवारच्या उष्णतेने ते रेझिन पिवळे पडते. आधीच सूक्ष्म तडा असेल तर तो रुंदावतो. चुंबळ किंवा लाकडी जाळी घालण्याला दोन सेकंद लागतात. ओटा आणि भिंत यांच्यामधला सांधा वर्षातून एकदा तपासावा; तेथील सिलिकॉन सुटले असेल तर पाणी मागे उतरते, कपाटाचे प्लायवूड फुगते आणि झुरळांना वाट मिळते.

काही वाचकांच्या मनात रेडॉनची भीती असते. ग्रॅनाईटमध्ये युरेनियमचा अंश असतो हे खरे, तथापि घरातील रेडॉनचा प्रमुख स्रोत जमीन असते, ओटा नव्हे. हवा खेळती असलेल्या घराला त्याची चिंता नको.

चिंता करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे आणि ती ओटा वापरताना नव्हे, बसवताना किंवा दुरुस्त करताना घडते. ग्रॅनाईटमध्ये गारगोटी, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, मोठ्या प्रमाणात असते. सिंकचे भोक मोठे करायला किंवा कड घासायला मिस्त्री घरातच कोरडा कटर चालवतो तेव्हा उडणाऱ्या पांढऱ्या धुरळ्यात ती असते. तिचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि हा आजार बरा होत नाही. राजस्थानात दगडकामगारांमध्ये तो इतका पसरला, की तेथील सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. ऑस्ट्रेलियाने नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकणाऱ्या कृत्रिम ‘क्वार्ट्‌झ’ लाद्यांवर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली; गोव्यातील नव्या सदनिकांत आता त्याच प्रकारच्या लाद्या ग्रॅनाईटच्या जागी बसू लागल्या आहेत. म्हणून मोजमापे आधीच देऊन शक्य तितके काम कारखान्यात पाण्याखाली करून घ्यावे. घरात कापणे अटळ असेल तर कटरच्या पात्यावर सतत पाणी सोडायला एक माणूस उभा करावा, कामगाराला रुमालाऐवजी एन-९५ मास्क द्यावा आणि लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. नंतरचा धुरळा केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि फडके वाळण्याआधीच धुऊन टाकावे.